कुसुमताईंचं कापडी विमान

९ नोव्हेंबर, रविवार. काम : ट्रेसिंगचं कापड धुऊन बाळाची झबली बेतायची.

माझ्या मुलीचे, प्राचीचे, दिवस भरत आले आहेत. आमच्याकडे बाळाच्या अंगाला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लावतात. बहुतेक घरांत त्यासाठी आजीचं लुगडं निघतं. माझ्या घरात ट्रेसिंगचं कापड निघतं, कारण माझी नोकरी जालन्याच्या पाटबंधारे कचेरीत झाली. कालव्यांचे नकाशे पूर्वी ज्या निळसर, चकचकीत कापडावर काढत, ते मुळात उत्तम मलमल असतं. खळ देऊन त्याला काचेसारखं केलेलं असतं. उकळत्या पाण्यात टाकलं की खळ सुटते, खळीबरोबर शाईही सुटते, आणि हातात लोण्यासारखं कापड राहतं. ही युक्ती मला कुसुमताईंनी शिकवली. प्राचीची पहिली झबली त्यांनीच अशा कापडाची शिवली होती.

त्यांनी दिलेली गुंडाळी माळ्यावर होती. काढली, सुतळी सोडली. वरच्या तुकड्यावर कालव्याचा काटछेद, म्हणजे आडवा कापून दाखवलेला आकार, दिसला. म्हटलं, सगळे कालवेच असणार. उलगडून बघितलं नाही. आख्खी गुंडाळी पातेल्यात सोडली, वर झाकण ठेवलं आणि मेथी निवडायला बसले.

दुपारी पिळून तारेवर घालताना एका तुकड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका दिसला. धोबी कपड्याला खूण घालतो तसा, फुलीचा. मी तो हातात धरून उभी राहिले. ती फुली कुसुमताईंनी एकाच कापडाला घातली होती, हे मला माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं : शाई पाण्यानं जाते, दोरा जात नाही, म्हणून दोऱ्यानं खूण घालते, हे कापड धुवायचं नाही.

ते आष्टीचं विमान होतं, ताईंनी शाईनं काढलेलं. कापड आता पांढरंशुभ्र झालं होतं.

आष्टीच्या संगीताचा फोन गुरुवारीच आला होता. तिची तिथं ब्लाउज शिवायची मशीन आहे. ग्रामपंचायतीच्या दारात गावातल्या सैनिकांच्या नावांचा दगड बसतोय, त्यात तिच्या पणजोबांचं नाव घालायचं की नाही यावर वाद चाललाय. पणजोबा शिंपी होते आणि पहिल्या महायुद्धात, इराकातल्या बसऱ्याच्या लढाईत, विमानं शिवायला गेले होते, ही गोष्ट गावात पहिल्यापासून थट्टेचा विषय. कागद नाही, फोटो वाळवीनं खाल्ला. सरपंच म्हणाले, त्या कचेरीतल्या ताईंनी सही करून कापडावर काढलेलं चित्र होतं ना, ते आणा, घालू नाव. सोमवारी दगड कोरणारा येणार होता. मी फोनवर म्हटलं होतं, ‘आहे माझ्याकडे. अगदी नीट आहे. सोमवारी सकाळी आणून देते.’

ताईंनी आधी दिलेल्या चित्रांत ते असणार, असं मी न बघताच धरलं होतं. नीट होतं, हे खरं. मी धुवेपर्यंत नीट होतं.

कुसुमताई आमच्या कचेरीत अनुरेखक होत्या. म्हणजे अभियंत्यांनी पेन्सिलीनं कागदावर काढलेला नकाशा कापडाखाली ठेवून शाईनं तंतोतंत वर उतरवायचा. हे पद आता राहिलेलं नाही. माझी नेमणूक झाली तेव्हा कापडही बंद झालं होतं, प्लास्टिकची फिल्म आली होती, पण कपाटात जुन्या कापडाचा साठा होता आणि किल्ली ताईंकडे होती.

त्या कुंभार पिंपळगावच्या. कचेरीत कचेरीची भाषा बोलत. आनंद झाला किंवा चिडल्या की गावाकडची. त्यावरून आम्हाला त्यांचा मूड कळायचा. डाव्या हाताखाली नेहमी घडी केलेला रुमाल असे, घाम कापडावर पडू नये म्हणून. चूक झाली तर ब्लेडनं खरवडून काढत, तेव्हा श्वास धरून ठेवत. आपणही धरायचा, असा अलिखित नियम होता. अनुरेखनाच्या खोलीत पाण्याला बंदी. कापडावर एक थेंब पडला की तिथली खळ उठते आणि पांढरा डाग कायमचा बसतो. पिण्याच्या पाण्याचा माठ, ग्लास, चहाचा कप, ओली छत्री, सगळं दाराबाहेर. एकदा नवे कार्यकारी अभियंता हातात पाण्याचा ग्लास घेऊन आत यायला लागले. ताई उठून दारात उभ्या राहिल्या.

‘साहेब, पाणी बाहेर.’

‘अहो, पाटबंधारे खातं आहे हे.’

‘म्हणूनच तर. पाणी कालव्यात असू द्या. इथं न्हाई.’

साहेबांनी ग्लास बाहेर ठेवला. बदली होईपर्यंत ते दारातूनच बोलत.

विमानांचं वेड त्यांना एका कॅलेंडरनं लावलं. शाईच्या कुठल्याशा कंपनीचं होतं, त्यावर लढाईतलं जुनं लढाऊ विमान होतं : पंखांवर पंख, दोन मजली, मधे खांब आणि तारा. कामं थंडावलेली होती, हात बसून राहू नये म्हणून ताईंनी ते उतरवायला घेतलं. तारांवरून तारा जातात, एकही रेष दुसरीत मिसळू द्यायची नाही, हातासाठी याच्यासारखा व्यायाम नाही, असं त्या म्हणत. उतरवून झाल्यावर त्यांचं लक्ष शेपटीजवळच्या अक्षर-आकड्यांकडे गेलं. हे चित्रकारानं मनचं घातलंय, की असं विमान खरंच होतं? तिथून सुरुवात झाली. पुढे कळलं की जगभर अशी माणसं आहेत, जी जुन्या फोटोंतल्या विमानांचे अर्धेमुर्धे आकडे, तुकडीची अक्षरं, पंखांवरची वर्तुळं बघून ते नेमकं कुठलं विमान, कुणाचं, कुठं होतं, हे शोधत बसतात. कशाला, असं मी विचारलं होतं. ताई म्हणाल्या, ‘तुझ्या गाडीला नंबर कशाला?’

त्या माणसांशी आधी त्यांचा टपालानं व्यवहार होता, मग माझ्या टेबलावरच्या संगणकावरून. इंग्रजी माझं, मजकूर त्यांचा. ते फोटो पाठवत. ताई त्यावर कापड टाकून उतरवत आणि परत पाठवत. फोटोत सावली, डाग, घडी, रंग सगळं एकात एक असतं. हातानं उतरवताना प्रत्येक रेषेपाशी थांबून ठरवावं लागतं की ही रंगाची की सावलीची. त्याचाच त्या लोकांना उपयोग होता.

त्यांचा नियम एकच होता : दिसतं तेवढंच काढायचं. जे दिसतं ते ठाम रेषेनं. जे झाकलेलं आहे पण असणारच, जसा मागचा खांब, ते तुटक रेषेनं. आणि जे आहे की नाही ठाऊक नाही, ती जागा मोकळी. मोकळ्या जागेत हात शिवशिवतो, तो आवरायचा. नवीन मुली तिथंच फसतात, असं म्हणून त्या माझ्याकडे बघायच्या. मी अनुरेखक नव्हते, लेखा शाखेत होते, तरी बघायच्या. मला सगळं पटकन उरकायची सवय आहे. ‘तुझी गाडी सिग्नलच्या आधीच सुटती,’ म्हणायच्या.

रस्त्यानं त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे वैताग. दिवाळीच्या आधी एकदा बाजारातून येत होतो, तर एका घरासमोर थांबल्या. घराला नुकता चुना दिलेला. दाराच्या बाजूला जनगणनेचा की कसला गेरूनं लिहिलेला आकडा होता, आणि चुना देणाऱ्यानं तो बुजवला नव्हता, आकड्याभोवती चौकोन सोडून बाकी भिंत पांढरी केली होती. ताई खूष. विमानांचे रंगारीही हेच करायचे म्हणे. लढाई लागली की चकचकीत विमान माती-हिरव्या रंगात रंगवायचं, पण नंबर बुजला तर साहेब ओरडेल, म्हणून नंबराभोवती जुन्या रंगाचा चौकोन सोडायचा. फोटोत नंबर वाचता आला नाही तरी तो चौकोन दिसला की विमान जुनं, नंतर रंगवलेलं, हे कळतं. घरातली बाई बाहेर येऊन विचारायला लागली, काय बघून राह्यल्या? ताईंनी तिलाही सगळं सांगितलं. तिनं आम्हाला चकली दिली. माझ्या पिशवीतलं दूध तोवर नासलं असावं.

त्या चुकायच्याही. एका फोटोतल्या विमानाचा नंबर त्यांनी शेपटीच्या उभ्या पट्टीवरून ठरवला आणि तसं कळवलं. आठवड्याभरानं उत्तर आलं : शेपटी दुसऱ्या विमानाची आहे. मोडलेल्या विमानाची शेपटी काढून याला लावलेली, जुन्या नंबरासकट. ताई खळखळून हसल्या. ‘शेपूट एकाचं, धड दुसऱ्याचं! आपल्या कापसाच्या ट्रॉल्या असत्यात तशा.’ दुसऱ्या दिवशी आख्ख्या कचेरीला पेढे आणले. लोकांना वाटलं भाचा पास झाला. ते चुकलेलं चित्र त्यांनी टेबलाच्या काचेखाली घातलं, येणाऱ्याला दिसेल असं. मी म्हटलं, ताई, चुकलेलं कशाला लावता? म्हणाल्या, ‘ते बघितलं की हात सावकाश चालतो.’

आष्टीचे नामदेवआबा, म्हणजे संगीताचे आजोबा, कचेरीत आले ते पाण्याच्या पाळीसाठी. काम झाल्यावर कुणीतरी त्यांना ताईंच्या खोलीकडे पाठवलं, चेष्टेनंच. आबांनी पिशवीतून जुनं पंचांग काढलं, पंचांगातून फोटो. दोन मजली विमान, अंगावर खाकी, उन्हानं डोळे बारीक केलेला एक माणूस. मागं सगळी वाळू.

‘ह्यो बाप माझा,’ आबा म्हणाले. ‘शिंपी. लढाईला गेल्ता, बसऱ्याकडं. विमान शिवायला.’

खंदारे म्हणून आमचा एक लिपिक दारात उभा होता. तो म्हणाला, ‘आबा, विमान शिवत्यात व्हय? मंग काजं-बटनं बी केली असतील बापानं.’

दोघं-तिघं हसले. आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हे त्यांनी गावात आयुष्यभर ऐकलं होतं. फोटो पंचांगात परत ठेवायला लागले. ताईंनी त्यांचा हात धरला.

‘शिवायचेच,’ त्या म्हणाल्या. ‘पंख कापडाचे असायचे. आत लाकडाच्या नायतर लोखंडाच्या पट्ट्या, वर कापड. टाका कसला घालायचे, काही सांगत होते का?’

आबांनी पिशवी खाली ठेवली. दोन बोटांत हवेतली सुई धरली. सुई हातभर लांब, म्हणाले. पंखाच्या वरून खाली काढायची, खालून वर आणायची, आणि दर टाक्याला गाठ मारायची; म्हणजे एक टाका उसवला तरी पुढचा जागेवर राहतो. सगळे टाके सारख्या अंतरावर. मग वरून औषध फासायचं, त्यानं कापड ताणून ढोलकीसारखं होतं. त्या औषधाला वार्निशात केळं कुस्करल्यासारखा वास येतो. बाप परत आला तरी त्याच्या पेटीला तो वास होता.

ताई ऐकत होत्या. खंदारे कधी गेला ते कळलं नाही.

विमानाच्या धडावर एक अक्षर आणि तीन आकडे स्वच्छ दिसत होते. चौथ्या आकड्याला बापाचा खांदा आडवा. आकड्याची फक्त उजवी बाजू दिसत होती, दोन गोलाया, एकीखाली एक. तीन असेल, नाहीतर आठ.

‘आठ लिवा,’ आबा म्हणाले. ‘बाप आठच म्हणायचा.’

‘ते म्हणत असतील. इथं दिसत न्हाई.’

‘लिवा की ताई. कोण बघाया येतंय?’

‘आबा, तुमच्या वडलांचाच खांदा आडवा आलाय. त्यांना बाजूला सारून मी कसं काढू?’

आबांनी पंचांग तेवढं पिशवीत घातलं. फोटो ठेवून गेले.

पुढचे कितीतरी रविवार ताई त्यावर बसल्या. शिल्लक कापडातला सगळ्यात चांगला तुकडा त्यांनी त्यासाठी काढला. पंखावरच्या टाक्यांची ओळ काढताना मी बघितलंय. आधी डिव्हायडरचं टोक टेकवत टेकवत सारखी अंतरं घेतली, प्रत्येक ठिकाणी कापडाला बारीक भोक पाडलं, मग भोकाभोकावर शाईचा टाका. मी म्हटलं, नुसते ठिपके दिले तर नाही चालणार? म्हणाल्या, ‘त्यांनी अंदाजानं घातले न्हाईत, मी कशी घालू?’

चौथ्या आकड्याची उजवी बाजू त्यांनी ठाम रेषेनं काढली. डावीकडे बापाचा खांदा. तुटक रेषसुद्धा नाही.

परदेशातल्या त्या माणसांकडून उत्तर यायला फार दिवस लागले. तीन धरला तरी, आणि आठ धरला तरी, दोन्ही विमानं त्याच लढाईत, एकाच तुकडीत, बसऱ्याजवळच्या त्याच तळावर होती. म्हणजे आबांचा बाप जिथं होतो म्हणत होता तिथंच होता. ताईंनी रजा टाकली आणि मला बरोबर घेऊन आष्टीला गेल्या. आबांनी शेजारपाजार गोळा केला होता. ताईंनी बाजेवर कापड उलगडलं, खाली सही केली होती : मूळ फोटोवरून अनुरेखित. सगळं समजावून सांगितलं. लोक माना हलवत होते.

‘मंग तीन का आठ?’ आबांनी विचारलं.

‘दिसत न्हाई, आबा.’

‘पण शिवलं बापानं?’

‘टाके दिसत्यात. ते काढलेत मी.’

आबांना हात लावायचा होता. ताईंनी स्वतःचा रुमाल त्यांच्या हाताखाली दिला. आबांनी एक बोट रुमालाबाहेर काढून टाक्यांच्या ओळीवरून हलकेच फिरवलं, शिंपी शिवण तपासतो तसं. मग म्हणाले, हे तुमच्याकडंच राहू द्या. माझं घर वाळवीचं हाय, आन् घरी आलेला प्रत्येक जण हात लावल. त्यांना एक अमोनिया प्रिंट, म्हणजे कचेरीत नकाशाची काढतात तशी कागदी नक्कल, काढून दिली होती, ती त्यांनी ओसरीत उन्हासमोर लावली आणि ती वर्षभरात उडून गेली. फोटोचं काय झालं ते वर सांगितलंच. राहिलं ते कापड. परत येताना गाडीत ताईंनी कोपऱ्याला लाल फुली घातली. सुई-दोरा त्यांच्या पर्समध्ये असायचाच.

मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवावा, हे मला एवढ्या वर्षांत सुचलं नाही. कापड होतं ना.

त्या निवृत्त झाल्या, मग त्यांचे गुडघे गेले, मग डोळे. मी जात असे, पण माझं जाणं म्हणजे भाजीच्या वाटेवर डोकावणं. यंदा चैत्रात गेले तेव्हा त्यांनी ती गुंडाळी काढून ठेवली होती. म्हणाल्या, प्राचीला होईल आता मूल, कापड लागेल. माझ्यानं आता शिवणं होत नाही, तू शीव. आणि सुतळी सोडायला लागल्या.

‘बस. एकेक उलगडून दाखवते. कुठलं धुवायचं, कुठलं न्हाई.’

माझ्याकडे गॅसचा सिलिंडर यायचा होता. हातात भाजी होती. मी म्हटलं, ‘ताई, राहू द्या, मी घरी जाऊन बघते सावकाश.’ त्यांनी सुतळीचं एक टोक हातात धरलेलं होतं. ते त्यांनी सोडलं. मीच गाठ परत बांधली, गुंडाळी बगलेत मारली आणि निघाले. फाटकापाशी वळून बघितलं तर त्या खुर्चीतच होत्या, दोन्ही हात मांडीवर, एकमेकांपासून थोडे लांब, मधे काहीतरी पसरून धरल्यासारखे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. आषाढात त्या गेल्या.

तर रविवारी दुपारी मी ते कापड तारेवरून काढलं आणि आत आणलं. रडले वगैरे नाही. रडून खळ परत येत नाही. प्राचीला सांगितलं. तिनं कोपऱ्यातली लाल फुली बोटानं चाचपली. मग म्हणाली, ‘आई, तुझ्या डोळ्यांसमोर आहे ना ते चित्र? मग नवं काढ. कागदावर काढ, म्हण की कापड खराब झालं म्हणून ताईंनीच कागदावर घेतलं होतं. खाली सही घाल. कोण बघणार आहे?’

मुलगी माझीच आहे. मलाही पहिल्यांदा हेच सुचलं होतं.

कागद घेतला. पंख काढले, खांब काढले, माणूस काढला. अक्षर, पहिला आकडा, दुसरा, तिसरा. चौथा काढला आणि पेन्सिल थांबली. मी आठ काढला होता. पूर्ण. डावीउजवी दोन्हीकडून मिटलेला. माझ्या आठवणीत तो आठच होता, त्याला खांदा आडवा नव्हताच. मग मी पहिल्या तीन आकड्यांकडे बघितलं आणि त्यांचीही खात्री वाटेना. टाके किती लांब गेले होते, तेही मी आपलं मनानं ओढलं होतं. ज्या चित्रासमोर ताईंनी इतके रविवार घालवले, ते मी इतक्यांदा बघून कधी नीट बघितलंच नव्हतं. तो कागद मी चुलीत घातला असता, पण आमच्याकडे चूल नाही. फाडला.

संध्याकाळी संगीताचा फोन आला. मी उचलला नाही. परत आला. प्राची बघत होती. तिसऱ्यांदा तिनंच फोन माझ्या हातात दिला.

‘मावशी, सकाळी येऊन राह्यल्या ना?’ संगीता म्हणाली. ‘सरपंच म्हणले, कापड बघितल्याबिगर न्हाई. मी आज्जाच्या फोटोम्होरं दिवा लावला. म्हणलं, तुमच्या बापाचं नाव लागून राह्यलंय.’

‘येते,’ मी म्हटलं. तेवढंच. बाकीचं फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. झालीच नाही म्हणण्यापेक्षा, तिचा आवाज ऐकून मी ती गोळा केली नाही.

सोमवारी उजाडताना उठले. कापडाला इस्त्री केली नाही. इस्त्रीनं उरलंसुरलं जाईल असं वाटलं. पूर्वेच्या खिडकीच्या काचेवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावलं आणि ऊन वर येईपर्यंत उभी राहिले. ऊन आडवं आलं तेव्हा दिसायला लागलं. शाई गेली होती, पण लांब रेषांच्या जागी धुरकट काहीतरी राहिलं होतं. खालचा पंख दिसला. वरचा अर्धा. माणूस खांद्यापर्यंत, चेहरा नाही. अक्षराचा एक दांडा. आकड्यांतला दुसरा. बाकीचे नाहीत, सहीही नाही.

आणि पंखावर एक ओळ उजेडाची. बारीक बारीक भोकं, सारख्या अंतरावर. शाईचे टाके धुऊन निघाले होते, डिव्हायडरनं पाडलेली भोकं राहिली होती आणि त्यांतून ऊन येत होतं.

मी कागद लावला आणि उतरवायला लागले. हाताखाली रुमाल घेतला. जे दिसत होतं ते ठाम रेषेनं काढलं. दुसऱ्या आकड्याच्या आजूबाजूला हात शिवशिवत होता, तो आवरला. भोकं एकेक करून घेतली. खाली लिहिलं : धुतलेल्या कापडावरून, दिसतं तेवढं. धुणारी आणि उतरवणारी, आणि माझं नाव. ताईंचं नाव घातलं नाही. या कागदाशी त्यांचा संबंध नव्हता.

परतूरपर्यंत एसटीनं गेले, पुढे काळीपिवळीनं आष्टी. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पाच-सहा माणसं होती, सरपंच होते, दगड आडवा ठेवलेला होता आणि कोरणारा त्यावर खडूनं ओळी आखत होता. संगीता पायरीवर उभी होती, ठेवणीतली साडी नेसून. तिनं हसून माझ्या पिशवीकडे बघितलं.

वाटेत मी बरंच जुळवलं होतं. काही वापरलं नाही.

‘कापड मी धुतलं,’ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. ‘काल. घरी, उकळत्या पाण्यात. न बघता. ताईंनी खूण घातली होती, ती मी बघितली नाही. चित्र गेलं.’

संगीताचं हसू जागेवरच राहिलं, काढायचं कसं ते तिला सुचेना. मी तिच्याकडे बघत राहिले; दुसरीकडे बघणं बरोबर नव्हतं. कोरणाऱ्याचा खडू थांबला. कुणीतरी मागं म्हणालं, घ्या, आता कापडी विमान पाण्यात बुडालं. एक जण हसला.

‘मंग आता आणलंय काय?’ सरपंचांनी विचारलं.

‘जे राहिलंय ते. कापड, आणि त्यावरून उतरवलेला कागद.’

‘बसा तर खरं. पाणी द्या रे बाईंला.’

एकानं स्टीलचा ग्लास भरून माझ्यासमोर सतरंजीवर ठेवला. मी तो उचलला, पायऱ्या उतरून खाली अंगणात नेऊन ठेवला. परत वर आले, हात पदराला कोरडे केले. मग संगीताला एक टोक धरायला दिलं आणि टाक्यांच्या भोकांतून ऊन दिसेल असं कापड उन्हाकडे तोंड करून उलगडलं.